पाणीकाकांचं व्याख्यान

अन्याय झाला तो पाणीकाकांवर. अणुचाचण्यांच्या साली, गणपतीच्या पाचव्या दिवशी, संध्याकाळची आरती झाल्यावर. देवासला, आपल्याच मराठी समाजाच्या मांडवात. विसरला असाल म्हणून सांगतो.

पाण्याचा पेला हाती आला की काका आधी तो उजेडाकडे धरायचे. "शांत दिसतंय ना? आत नुसती धावपळ चाललीय." मुंबईकडे एका अणुभट्टीवर त्यांनी जन्मभर तीच धावपळ पाहिली. भट्टीतले न्यूट्रॉन पाण्यावर सोडायचे आणि ते कसे उसळतात त्यावरून पाण्याचे कण कसे हलतात ते ओळखायचं.

दर गणपतीत गावी येऊन ते मुलांना हे दाखवत. चादरीला चिकटून मागे पोरं उभी करायची, ती पाण्याचे कण; अलीकडून चादरीवर चेंडू फेकायचा, तो न्यूट्रॉन. नुसता परतला तर पोरगं उभंय. जोरात आला तर माकड उड्या मारतंय!

गावात तेव्हा टँकरमागे रांगा. मी टोमणा मारला, "काका, यानं नळाला पाणी येणार का?"

"नाही रे भिया," काका आपल्या माळवी ढंगात म्हणाले. "नळासाठी तुम्ही भांडा. मोर्चाला मी येतो, पण घोषणा खरी असू दे."

आले. भर उन्हात, शेवटपर्यंत चालले.

मग चाचण्या झाल्या. अणुभट्टी म्हणजे बाँब, एवढंच आमचं ज्ञान. पत्रक मीच लिहिलं: 'बाँबवाल्याला मांडवात जागा नको.' त्याच कागदांत खिरापतीच्या पुड्या बांधल्या.

आरतीनंतर काकांचं नेहमीचं व्याख्यान ठेवलेलं. ते सुरू होण्याआधी एका चिमुरडीनं पुडी त्यांच्यापुढे धरली. हिंदी शाळेतली, मराठी वाचताना अडखळणारी. "काका, इसमें क्या लिखा है, सांगा ना."

काकांनी खिरापत तिच्या हातावर ओतली, कागद सरळ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं अख्खं पत्रक वाचलं. एक शब्द गाळला नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?"

निम्मा मांडव त्या चादरीमागे नाचून मोठा झालेला. सगळे खाली, हातातल्या पुडीकडे बघत बसले. मीही. काकांनी चेंडू पिशवीत टाकला आणि निघाले. पुन्हा आले नाहीत.

आता ते धारला बहिणीकडे असतात. मी माफी मागायला गेलो. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "तू एकटाच आलास? मांडव कुठाय?"

बाँबला माझा विरोध आजही तसाच आहे. पण ती घोषणा खोटी होती, आणि ती तुम्ही खिरापतीबरोबर घरी नेलीत. या गणपतीत धारला जा, काकांना घेऊन या. 'कुणाला काही विचारायचंय?' या त्यांच्या प्रश्नाला मांडवानं अजून उत्तर दिलेलं नाही. ते पुन्हा विचारतील, तेव्हा खाली बघू नका. हात वर करा.