आतल्या खोलीतली बहीण

माझी जीभ जड झाली, तेव्हा अंबादेवीनं आपल्याकडे पाठ फिरवली आहे अशी माझी खात्रीच झाली. त्याआधीचं दुखणं हातांचं होतं. हात इतके थरथरायचे, की मंडळींनी भजन आटोपून चहा घेतला तरी माझी खंजिरी आपली वाजतच राहायची. म्हणून पुण्याच्या एका दवाखान्यात माझ्या मेंदूत बारीक तारा बसवल्या आणि छातीच्या कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र. ते तारांतून सौम्य वीज सोडतं आणि हात शांत होतात. पण वीज वाढवत नेली तसे हात शहाणे झाले आणि जीभ लुळी पडू लागली. माझ्यासारख्या बोलभांड माणसाची! शब्द एकमेकांच्या अंगावर कोलमडायचे. बायको गेल्यापासून हा पिऊ लागला, अशी भजनी मंडळात कुजबुज झाली. तोंडावर कोणी बोललं नाही, फक्त बोलावणं बंद झालं. अमरावतीतल्या माझ्या त्या भाड्याच्या घरात आपलं म्हणणं स्पष्ट मांडणारा एकच जण उरला होता, कुकर.

यंत्राची वीज कमीजास्त करायला पुण्याला जावं लागत नाही. घरबसल्या मोबाईलवर होतं. डॉक्टर मॅडम पडद्यावर येतात, त्यांनी पाठवलेला आकडा मी वाचून दाखवतो आणि मोबाईलवर होकार दाबतो, तेव्हाच तिकडून यंत्राशी बोलता येतं. मधेच रेंज गेली तर यंत्र मुकाट्यानं आधीच्या विजेवर परत येतं. कुण्या भामट्यानं माझ्या डोक्यात शिरू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त. मला बोचत होता तो एकच नियम. वीज बदलताना तोल जाऊ शकतो, म्हणून जवळ एक मोठं माणूस हवं. पूर्वी मंडळातले पेटीवाले येऊन बसायचे. आता त्यांना फोन लावायची लाज वाटली.

मग मी माझी जुनी कला बाहेर काढली. तरुणपणी नांदगाव खंडेश्वरला गणपतीच्या नाटकांत बायकांची कामं मीच करायचो. "काका, सोबत कोण आहे?" मॅडमनी विचारलं. "बहीण आहे, आत चहा ठेवून राह्यली," असं सांगून मी उठलो, स्वयंपाकघराच्या पडद्याआड गेलो आणि अगदी पदर सावरल्यासारखा आवाज काढला, "हो माय, मी हावो ना इथं!"

परत येऊन बसलो तर मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "काका, तुमच्या बहिणीचीही जीभ जड झालीय का?"

त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. सोबत कोणी नसताना वीज बदलता येणार नाही, म्हणाल्या. थोडा वेळ थांबते, कोणी येतंय का बघा. मी शेजारचं दार वाजवलं. आतला टीव्ही बंद झाला, दार उघडलं नाही. घरात आलो आणि देवीच्या तसबिरीपुढे उभा राहिलो. देवीपुढेही मी आयुष्यभर संवादच म्हणत आलो होतो, हातवाऱ्यांसकट. त्या दिवशी एवढंच निघालं, "आई, माझं कोणी नाही." तेही धड निघालं नाही.

बेल वाजली. दारात साठीच्या एक अनोळखी बाई, हातात लग्नपत्रिकांची पिशवी. माझ्या आधी या घरात राहणाऱ्या भाडेकरूंना आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला त्या अकोल्याहून आल्या होत्या. ते घर सोडून गेले, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि बाई एक पायरी खाली उतरल्या. "काहून हो भाऊ, भरदुपारीच घेतली काय?"

मोबाईलमधून मॅडम ओरडल्या, "ताई, प्यायलेले नाहीत ते! जरा आत येता का?" आणि सगळं समजावून सांगितलं. बाईंनी मला आपादमस्तक पाहिलं. "मले अजून परतवाड्याले जा लागते," म्हणाल्या, आणि पिशवी खाली ठेवून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"आपण यांच्या कोण?" मॅडमनी नियमाप्रमाणे विचारलं.

पदरानं घाम टिपत बाई म्हणाल्या, "बहीण आहो."

मॅडमचा हात तोंडावर गेला. माझ्या अंगावर काटा आला. मी यावर वाद घालणार नाही. आमच्याकडे कोणतीही बाई परक्या माणसालाही भाऊच म्हणते, हे मलाही कळतं.

मी आकडा वाचला, होकार दाबला. बाईंनी माझं कोपर घट्ट धरलं. वीज उतरत गेली तशी बोटं पुन्हा थरथरू लागली आणि जीभ सुटू लागली. मॅडम म्हणाल्या, दोन्ही पूर्ण मिळणार नाही काका, कुठे थांबू? मी म्हटलं, हात थरथरू द्या. मग ऐकून बघायला म्हणून काहीही बोला म्हणाल्या, तर मी नाटकातली एक फजिती सुरू केली ती संपेचना. "ओ मॅडम," बाई म्हणाल्या, "याले बंद करायचं बटन कोठी हाये?"

जाताना मी हात जोडले. "तुम्ही देवीच धावून आल्या."

"मी कायची देवी बाप्पा! आमच्यात देव्या नसतात." त्यांनी पत्रिका काढली. वर गणपती नव्हता, पिंपळाच्या पानात बुद्ध होता. जुन्या भाडेकरूंचं नाव खोडून त्यांनी माझं नाव विचारलं आणि लिहिलं.

लग्नाला मी अकोल्याला गेलो. चहा बशीत सांडला, तेव्हा बाईंनी कप आपल्या हातात धरला आणि पाहुण्यांना सांगितलं, "हे माये अमरावतीचे भाऊ. बोलतात लय." संध्याकाळच्या गाडीनं परतलो. शेजारचं दार बंदच होतं, घरात मीच दिवा लावला. पत्रिका देव्हाऱ्यात ठेवली आहे. देवीपुढे आता जोडलेले हात थरथरतात, आणि ते थांबव असं मी मागत नाही. यंत्राचं दार उघडायला माझा होकार लागतो. आईलाही आत यायला तेवढाच लागत असावा, आणि मी मात्र इतकी वर्षं आतल्या खोलीत जाऊन आवाज काढत होतो.