फुटक्या बांगड्यांचं तोरण

काय घडलं ते मागाहून. आधी ताईंचं सांगितलं पाहिजे, कारण त्या नसत्या तर मी कुठे असतो हा विचारही मला करवत नाही. ताई म्हणजे माझ्या मोहाडीच्या घरमालकीणबाई. नात्याच्या नव्हेत. त्यांनी मला परसातली खोली दिली, ताप आला तेव्हा पेज दिली, आणि माझं लग्न जमवलं, तेही एका हातानं. हे शोभेला म्हणत नाही. त्यांचा उजवा हात तेव्हा खरोखरच प्लास्टरमध्ये होता.

मी सातारच्या बाजूचा. सातवीत शाळा सुटली आणि कामामागे फिरत फिरत इकडच्या राइस मिलमध्ये काट्यावर लागलो. धानाची पोती तोलायची. दिवसभर कोंडा अंगावर, आणि भीती पोटात. मला सगळ्याचीच भीती वाटायची. मिलमालकाची, गावच्या तलावातल्या पाण्याची, उशिरा आलेल्या पत्राची आणि लवकर आलेल्या पत्राची तर जास्तच.

ताईंच्या माहेरी, पवनीच्या बाजूला, एक मुलगी होती. मुलगी पाहून झाली होती. त्या दिवशी घाबरून मी मुलीकडे पाहिलंच नाही. भिंतीवर लोकरीचा एक पोपट टांगला होता, त्याच्याकडे पाहत बसलो. "काही विचारा न जी," असं कोणीतरी म्हणालं तेव्हा मी म्हणालो, "पोपट छान आहे." निघताना मात्र एकदा मान वर केली, तेव्हा ती दारामागे तोंडात पदर कोंबून हसत होती. ते हसणं मी मोहाडीपर्यंत घेऊन आलो. तीही हो म्हणाली, असा निरोप आला.

आता उरलं घर पाहणं. मुलीकडचे मुलाचं घर पाहून जातात, मग पुढची बोलणी. माझं घर दीड दिवसाच्या प्रवासावर. तेव्हा ते म्हणाले, राहतो ती खोलीच दाखवा. याआधीचं एक स्थळ इथंच मोडलं होतं. "पोट्टा चांगला हाय, पन घरच नाही दिसत," असं म्हणून ते लोक चहा न घेता गेले होते. हेही मोडलं तर मिल सोडून गावी जायचं, असं मी ठरवलं होतं. गावी माझ्यासाठी काय आहे ते मला ठाऊक होतं. आई सोडली तर काही नव्हतं.

खोलीत तरी काय होतं? एक खिळा. त्याला माझी पॅन्ट. खाली वळकटी, स्टोव्ह आणि एक पातेलं.

पाहुणे रविवारी येणार होते. शुक्रवारी मिलची मोटर जळली आणि दोन दिवसांची सुट्टी मिळाली. शनिवारी सकाळी ताई गळ्यात अडकवलेला हात सांभाळत दारात आल्या.

"भाऊ, झोपूनच राहशीन का आज?"

"काय करू ताई? काही सुचत नाही."

"सुचाची वाट कायले पाह्यतं? देवानं दोन हात देले तुले. माहा एकच चालू हाय, तरी मी काही बसून राहिली का? ऊठ. मी सांगते, तू कर."

असा आमचा कारखाना सुरू झाला. आधी चुन्यात नीळ कालवून भिंती रंगवल्या. मिलमधलं एक धुतलेलं बारदान होतं, त्याचा दाराला पडदा केला आणि त्यावर लोकरीनं मोर भरायला घेतला. मी पोत्यांची तोंडं शिवत आलेला माणूस. माझा मोर पावसात सापडलेल्या कोंबडीसारखा झाला, आणि दुसऱ्या पायापर्यंत पोचायच्या आत लोकर संपली.

"राहू दे एकाच पायावर," ताई म्हणाल्या. "बगळा नाही का राहत?"

रिकाम्या बाटल्यांत हलवायाकडून आणलेला जिलबीचा रंग कालवून त्या खिडकीत मांडल्या. नव्या धानाच्या लोंब्यांची झालर गुंफली. ती ताईंनी बाहेर छपराच्या कडेला बांधायला सांगितली होती, चिमण्यांसाठी. मला ती आतच जास्त शोभेलशी वाटली, म्हणून आत बांधली.

आणि मग तोरण. बांगडीचा तुकडा मेणबत्तीवर धरायचा, काच मऊ झाली की टोकं जुळवून कडी करायची, तिच्यात दुसरी अडकवायची. बाजारातल्या कासारानं फुटका माल फुकट दिला होता, पण तो अर्ध्या चौकटीलाच पुरला. तेव्हा ताई आत गेल्या आणि फडक्यात बांधलेले हिरवे तुकडे घेऊन आल्या. तलावाच्या पायरीवर धुणं आपटताना त्या घसरल्या होत्या, तेव्हाच्या बांगड्या. हात मोडलेला असताना त्यांनी आधी काचा वेचल्या होत्या.

"हाताचं काय, हात जुडते," त्या म्हणाल्या. "बांगड्या दिवाळीच्या कोऱ्या होत्या न बापा!"

त्या दिवशी माझी बोटं भाजली, पाठ धरली, आणि संध्याकाळी ध्यानात आलं की सकाळपासून मला कशाचीच भीती वाटली नव्हती.

रविवारी पाहुण्यांच्या आधी चिमण्या आल्या. लोंब्या आत, म्हणून त्याही आत. त्यांच्यामागून मुलीचे वडील आले, शांत, टोपी सारखी करत. आणि मुलीची आत्या. आत्या घर पाहायला आल्या नव्हत्या, तपास करायला आल्या होत्या. बसायच्या आधीच त्यांचं बोट बाटल्यांकडे गेलं.

"हे औषधं कायचे जी?"

"शोभेची आहेत," मी म्हणालो.

"शोभेचं औषध?" आत्या भावाकडे वळल्या. "दादा, पोट्ट्याले काही बिमारी तं नाही ना?"

"नाही, नाही! नुसतं पाणी आहे," असं म्हणून मी बाटली तोंडाला लावली. अर्धी प्यालो. पाणी गोड नव्हतं, पण माझे ओठ, जीभ, दात सगळे जिलबीसारखे झाले, आणि पुढचा सगळा प्रसंग मी त्याच तोंडानं निभावला.

आत्यांनी मोर पाहिला, झालर पाहिली. तोरणाखाली येऊन मात्र त्या थांबल्या.

"आनि ह्या बांगड्या कोनाच्या?"

मी ताईंकडे पाहिलं. चिमण्या तेवढ्या बोलत होत्या.

"एवढ्या बांगड्या म्हनजे घरात बाई असन. बाई असन तं हाय कुठं?"

"अन् फोडल्या कोनं?" मुलीचे वडील पहिल्यांदाच बोलले, आणि बोलले ते हे.

"दादा, एकट्या मानसाचं घर असं नसते," आत्या म्हणाल्या. "एकट्या मानसाच्या घरी एक खिळा असते, त्याले एक पॅन्ट असते. इथं मोर हाय, झालर हाय, तोरन हाय. ह्याची पहिली बायको हाय. एक तिकडं, एक इकडं!"

खिळा आणि पॅन्ट कालपर्यंत तिथंच होते हो! घर दिसत नाही म्हणून एक स्थळ गेलं, आता घर दिसतं म्हणून दुसरं चाललं होतं. आईनं गावाहून पाठवलं, असं सांगावं असं माझ्या मनात आलं. तोंडही उघडलं, पण केशरी तोंडानं खोटं बोलायचा धीर होईना.

"यानंच केलं सगळं," ताई म्हणाल्या. "माह्या डोयासमोर."

"तुमी तं म्हनसानच. किरायदार तुमचा हाय."

"मंग बसवा त्याले तुमच्या डोयासमोर! मोराचा एक पाय राह्यलाच हाय. लोकर आनते मी."

ताईंनी आपल्या स्वेटरची बाही उसवायला घेतली. एका हातानं जमेना, तेव्हा आत्यांनीच दुसरं टोक धरून ओढलं. अशी मुलीकडच्यांनी आणि मुलाकडच्यांनी मिळून माझ्या परीक्षेची लोकर काढली.

मी मांडी घालून पडद्याशी बसलो. समोर आत्या, बाजूला मुलीचे वडील. सुईत लोकर चौथ्या खेपेला ओवली गेली.

"दाबून, दाबून," आत्या म्हणाल्या. "टाका ढिला पडून राहिला." जरा वेळानं, "सुई तिरपी काहून धरतं? अशी धर." आणखी जरा वेळानं त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या.

मुलीचे वडील तोवर उभे राहून झालर न्याहाळत होते. "ही उलटी गुंफली," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हनून धान गळून राहिलं." त्यांनी ती सोडली, बाहेर अंगणात नेली आणि उकिडवे बसून पुन्हा गुंफायला घेतली. चिमण्याही त्यांच्याबरोबर बाहेर गेल्या. एक त्यांच्या टोपीवर बसली. ते हलले नाहीत.

पाय पूर्ण झाला. पहिल्यापेक्षा हातभर लांब.

आत्यांनी तो पाहिला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा पाय पाहिला. "आतापर्यंत लंगडा होता," त्या म्हणाल्या, "आता ढांग टाकून राहिला." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसत उठल्या आणि भावाला घेऊन विहिरीकडे गेल्या. तिथं दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं. मी सुई धरून तसाच बसून होतो.

"रडू नोको," ताई हळूच म्हणाल्या. "थो रंग गालावर येईन."

दोघं परत आले. आत्या आता समोर बसल्या, नीट, पदर सारखा करून.

"खरं सांगते भाऊ. आमच्या पोरीले सुई धरता येत नाही. धानाच्या रोवन्याले लावा, बैलाची बंडी हाकाले लावा, कोनाले हार जात नाही. पन शिवन-टिपन शून्य. पाहुने आले का आमी शेजारून चीजा मांगून आनतो अन् भिंतीले टांगतो. थो पोपट बी शेजारचाच होता."

"तुमी नेमकी त्याचीच तारीफ केली," मुलीचे वडील म्हणाले. "मले वाटलं, झालं, आता हे पोपटासाठी हो म्हनतीन. रात-रात झोप नाही आली मले."

म्हणजे पवनीकडेही कोणी माझ्याइतकाच घाबरलेला होता. मला एकदम बरं वाटलं.

"जो जवाई मोर काढते," आत्या म्हणाल्या, "त्याले पोपट काय मांगाचा? चहा ठेवा."

मुलीचे वडील निघताना झालर छपराच्या कडेला बांधून गेले, जिथं ती असायला हवी होती तिथं. लग्नानंतर बायकोनं पहिल्याच दिवशी मोराकडे पाहून विचारलं, "हा कोनता प्रानी होय?" आणि पुन्हा तोंडात पदर कोंबला. आमच्या घरची बटणं अजून मीच लावतो.

ताईंचं प्लास्टर निघालं तेव्हा मी कासाराला घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो. त्यांच्या हिरव्या बांगड्या आमच्या चौकटीवर किणकिणत होत्या आणि त्यांचा हात रिकामा होता. ताईंनी तो पदराखाली घेतला.

"इथं नाही. मले ताई म्हनतं ना? मंग बहीन भावाच्या घरी जाऊन बांगड्या भरते. तुह्या गावाले ने मले. तुह्या मायच्या ओसरीवर बसून भरीन."

ताई नागपूरच्या पुढे कधी गेलेल्या नाहीत. दरवर्षी निघायचं ठरतं, आणि दरवर्षी काहीतरी आडवं येतं. मिलचा हंगाम, लेकराचं दुखणं, त्यांच्या घरचं एखादं लग्न. डाव्या हातासाठी त्या बाजारात कासाराकडे जातात, पण उजव्या हातात अजून नुसती पाटलीच. आमच्या गावाकडे अशा हिरव्यागार बांगड्या मिळतात, जत्रेत. आईलाही कळवून ठेवलं आहे. ताई, दीड दिवसाचा प्रवास आहे, मधे गाडी बदलावी लागते, आणि त्या बदलण्याची मला आतापासून भीती वाटते. पण एक दिवस मी तुम्हाला नेईन. आईच्या ओसरीवर बसवीन आणि कोपरापर्यंत बांगड्या भरीन. उजव्या हातात आधी.