फळ्यावरचं बारीक अक्षर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांपासून आजवर एकाही यंत्राला काही लपवता आलेलं नाही. तुर्भ्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं मेंटेनन्स सांभाळून ते निवृत्त झाले आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर खिशात घालून ऐरोलीला आमच्या सोसायटीत राहायला आले. त्याचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. पंप, लिफ्ट, वॉशिंग मशीन, सगळ्यांची झाली. सासूबाईंनी घेऊन दिलेला मिक्सर मी उघडायला बसले, तर म्हणाले, "वहिनी, आधी ऐकायचं. उघडायचं शेवटी." आंबोळीचं पीठ अर्धवट राहिलं, पण बेअरिंगचा दोष त्यांनी अचूक सांगितला.

सोसायटीचा फळाही तेच लिहितात. पाणी कधी येणार, लिफ्ट कधी बंद, सगळं खडूने, ठसठशीत. गेल्या वर्षी ते अक्षर बारीक होऊ लागलं. ओळ बोराएवढी सुरू व्हायची आणि मोहरीएवढी संपायची. सेक्रेटरी म्हणाले, "काका, खडू मी आणतो, काटकसर नको." मीही मागे राहिले नाही. "भावजी, फळ्याला एक भिंग टांगा," म्हटलं. ते हसले. मग एका सकाळी पंपाला लावलेला त्यांचा स्क्रूड्रायव्हर टकटक वाजू लागला. पंप बंद होता.

डॉक्टरांनी त्यांना चालवून पाहिलं, बोटं आपटायला लावली, चार ओळी लिहून घेतल्या. साधा कंप की पार्किन्सन्स, याची खात्री करायला मेंदूचा स्कॅन सांगितला. ते एकटे राहतात, म्हणून प्रश्नांची वही घेऊन मी सोबत गेले. वही उघडायची वेळच आली नाही. सुईतून दिलेलं औषध काही तासांत मेंदूतल्या ठरावीक जागी जमतं आणि कॅमेरा ते टिपतो, एवढं ऐकून भावजींचेच प्रश्न संपेनात. "म्हणजे डोकं न उघडता आतलं कळतं," त्यांनी मला समाधानाने सांगितलं. खिसे रिकामे करताना स्क्रूड्रायव्हर निघाला. तंत्रज्ञ म्हणाली, "काका, आमच्या मशीनला लावू नका हं."

"गरज नाही. तब्येत चांगली आहे तिची."

स्क्रूड्रायव्हर मी पर्समध्ये ठेवला. आत जाता जाता ते हळूच म्हणाले, "वहिनी, पार्किन्सन्स निघाला तर फळा काढून घेतील का हो?"

निरोगी मेंदूच्या चित्रात शेजारी शेजारी दोन काजू चमकतात. डॉक्टरांनी ते आधी दाखवलं. भावजींच्या चित्रात काजूंच्या शेपट्या विझून दोन वाटाणे उरले होते. त्यांनी एका वाटाण्यावर बोट ठेवलं.

"दुरुस्ती?"

"पूर्ण दुरुस्ती नाही. गोळ्या, रोजचा व्यायाम. मेंटेनन्स म्हणा."

"ते येतं मला," ते म्हणाले. हात मात्र खिसा चाचपत राहिला. मी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढून दिला.

सेक्रेटरींनी आता कॉम्प्युटरवर नोटीस छापायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, दोन रेघांमध्ये लिहिलं की अक्षर मोठं राहतं. त्यामुळे रोज सकाळी फूटपट्टी घेऊन मी फळ्यावर रेघा मारते आणि ते लिहितात. ओळीच्या शेवटी अक्षर तरीही लहान होतंच. मी चष्मा लावून जवळ जाते आणि शेवटपर्यंत वाचते.