तीन महिन्यांचं दळण

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा मी ती वगळून बाकीचंच बोलत आले — म्हणजे बघा, देवाशीही लबाडी. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून कदाचित सांगता येईल. लागत असता तर नसतं जमलं.

आधी घरातली माणसं सांगते. नागावात आमची नारळी-पोफळीची वाडी आहे, वाडीत घर, आणि पाहुण्यांना द्यायच्या दोन खोल्या. घरात आम्ही तिघं — मी, माझा धाकटा भाऊ नंदू आणि त्याची बायको सुवर्णा. आई गेली तेव्हा नंदू सहा वर्षांचा होता आणि मी सोळाची. त्याला भरवलं मी, न्हाऊ घातलं मी, तापात उशाशी बसले मी. माझ्या लग्नाचं बोलणं दोनदा निघालं. दोन्ही वेळा मीच म्हटलं, नंदू जरा मोठा होऊ दे. मग बाबा गेले. वाडीत नारळ सोलता सोलता छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. एक्कावन्न वर्षांचे होते. त्यानंतर नंदू माझा एकटीचा झाला. त्या दुःखातही मला ते कुठेतरी बरं वाटलं होतं — आता लपवते कशाला?

सुवर्णा लातूरकडची. इथल्या शाळेत शिक्षिका म्हणून आली आणि नंदूनं तिला पसंत केलं. मला विचारलं नाही, सांगितलं. बारा वर्षं झाली त्याला. बाई वाईट म्हणाल तर अजिबात नाही. मला ‘आक्का’ म्हणते, आवाज चढवत नाही, पगार झाला की माझ्यासाठी न सांगता काहीतरी आणते. एकदा तरी भांडायला हवं होतं तिनं! म्हणजे मला तिचा राग करायला काही कारण मिळालं असतं. तसं नव्हतं, म्हणून मी कारणाशिवायच करत राहिले. ती दोघं मागच्या पडवीत हसायची, आणि मी भांडी घेऊन गेले की हसणं थांबायचं. मला न सांगण्यासारखं त्यांच्यात काय असायचं? काही नसणार. नवरा-बायको होती, हसत होती. पण माझ्या पोटात दुखायचं.

एक गोष्ट मात्र माझी राहिली होती — चूल. तांदळाची उकड काढून भाकरी थापणं सुवर्णाला कधी जमलं नाही. ज्वारीची ती झकास करते, पण तांदळाची तव्यावर टाकायच्या आधीच तिच्या हातात फाटते. नंदूला तर तांदळाचीच लागते, आणि तिच्याबरोबर माझ्या हातचं खोबऱ्याचं वाटण घातलेलं कालवण. खोल्यांवर येणारे पाहुणेसुद्धा त्या कालवणाचं नाव काढतात. तेवढ्यावर मी घरात ताठ मानेनं वावरत होते.

मग मागच्या वर्षी, थंडी सरता सरता, नंदूनं रक्त तपासून घेतलं. कोलेस्टेरॉल वाढलेलं. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, वडील असे गेले आहेत तेव्हा दुर्लक्ष नको. नंदूला गोळ्या नको होत्या. डॉक्टरांनी तीन महिने दिले — खाणं बदला, रोज चाला, मग पुन्हा रक्त तपासू. सुवर्णानं तिथेच विचारलं, सोयाबीन दिलं तर? डॉक्टर म्हणाले, जरूर द्या. सोयातल्या प्रोटीननं वाईट कोलेस्टेरॉल थोडं खाली यायला मदत होते. चमत्कार होणार नाही, पण तेलकट-तुपकट काढून त्याच्या जागी हे आलं तर फायदाच आहे.

ती घरी आली ती उजळलेल्या चेहऱ्यानं. सोयाबीन म्हणजे तिच्या माहेरचं पीक. आठवडाभरात तिच्या वडिलांनी पोतं पाठवलं. माझ्या भावाचा जीव राखणारी वस्तू तिच्या माहेराहून येत होती, आणि त्याच दिवशी ती मला म्हणाली, आक्का, वाटणातलं खोबरं कमी करू या का आपण? अगदी गोड आवाजात. ज्या वाटणावर मी त्याला वाढवलं ते आता त्याच्या जिवावर उठलं होतं म्हणे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वरून मी ‘करू की’ म्हटलं.

सोयाच्या वड्यांची भाजी नंदूनं पहिल्याच घासाला बाजूला सारली. सोयाचं दूध सिंकमध्ये गेलं. राहिली भाकरी. सुवर्णानं ठरवलं की तांदळाच्या पिठातच सोयाबीन दळून घालायचं, म्हणजे त्याला कळणारही नाही. चार वाट्या तांदळाला दोन वाट्या सोयाबीन. मंद आचेवर भाजायचं, कच्चट वास गेला की गार करायचं, मग गिरणीत न्यायचं. ती दिवसभर शाळेत. भाकरी करणारी मी, गिरणीत जाणारी मी. जाताना माझ्या हातात माप देऊन म्हणाली, आक्का, एवढं तुमच्यावर.

तर — बघा, इथवर आले आणि पुन्हा अडखळले. सांगते.

मी सोयाबीन दळलंच नाही. एकदाही नाही.

दर आठवड्याला पोत्यातून मापानं काढायचे, म्हणजे पोतं कमी होताना दिसावं. आणि विहिरीमागे सोडणांचा ढीग आहे, नारळाच्या सालींचा, त्याच्या पलीकडे नेऊन ओतायचे. मग चुलीवर हरभऱ्याची डाळ भाजायचे — घरात भाजल्याचा वास राहावा, पिठाला पिवळट झाक यावी. तांदूळ आणि डाळ गिरणीत. ती भाकरी सुवर्णा खात नव्हती, तिची ज्वारीची वेगळी असायची. आणि नंदूला काय कळणार? वाटणातलं खोबरंही मी कमी केलं नाही. पाणी वाढवून कालवण पातळ केलं, एवढंच.

एखाद दिवस रागाच्या भरात केलं असतं तर वेगळं. हे तीन महिने चाललं. दर आठवड्याला, शांतपणे, हात धुऊन. सुवर्णा संध्याकाळी येऊन डब्याचं झाकण उघडायची, पीठ चिमटीत घेऊन बघायची आणि म्हणायची, छान बारीक आलंय. मी ‘हो’ म्हणायचे.

काय हवं होतं मला? नंदूचं वाईट व्हावं असं माझ्या स्वप्नातही नव्हतं — हे खरं आहे, पण ते सांगून काय उपयोग? मला ती हरायला हवी होती. तिचं हरणं कागदावर छापून यायला हवं होतं, आणि ते यायला जागा एकच होती, माझ्या भावाचं रक्त. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणू का? कळत होतं. बाबा कसे गेले हे मीच तर पाहिलं होतं.

पुढे कितीतरी वेळा मी स्वतःला समजावलं की डॉक्टर ‘थोडं’च म्हणाले होते, सोयाबीननं असा किती फरक पडला असता? नसेलही पडला. पण जो काही पडायचा तो मी ओतून दिला, आणि किती होता ते आता कोणालाच कळणार नाही.

जूनमध्ये रिपोर्ट आला. आकडा तसूभर हलला नव्हता. नंदूनं कागद टेबलावर टाकला आणि हसत म्हणाला, घे, तुझं लातूरचं सोयाबीन! सुवर्णा तो कागद किती तरी वेळ वाचत उभी राहिली. आणि मी काय केलं माहीत आहे? शिरा केला. साजूक तुपातला. नंदूनं दोनदा मागून घेतला, म्हणाला, आता जरा जेवल्यासारखं वाटलं. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी सुवर्णाशीही गोड बोलले.

नंदूचा मग पथ्यावरचा विश्वासच उडाला. चालणं सुटलं, तळलेली मासळी सुरू झाली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या एक दिवस घ्यायचा, दोन दिवस विसरायचा. सुवर्णा काही बोलायला गेली की सोयाबीनचं नाव काढून तिला गप्प करायचा. मी तिथेच असायचे.

ऑगस्टमध्ये तो वाडीत खाली बसला. छातीला हात लावून, बाबांसारखाच. शेजाऱ्याच्या रिक्षातून अलिबाग, तिथून रुग्णवाहिकेनं पनवेल. रक्तवाहिनी तुंबली होती. स्टेंट टाकायला आत नेलं. मी पालीच्या बल्लाळेश्वराला नवस बोलले. कोणत्या तोंडानं बोलले, मला माहीत नाही. सुवर्णा माझ्या शेजारी बाकावर बसली होती. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “आक्का, माझंच चुकलं. सोयाबीनच्या नादात मी तीन महिने घालवले. तेव्हाच गोळ्या सुरू केल्या असत्या, तर ही वेळ आली नसती.”

तेव्हा बोलायला हवं होतं. त्याहून चांगली वेळ कोणती येणार होती? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ‘असू दे’ म्हटलं. मी — तिला — ‘असू दे’ म्हटलं.

नंदू वाचला. घरी आला. गणपतीच्या आदल्या दिवशी सुवर्णा पत्री आणायला विहिरीमागे गेली. पावसात तिकडे रान माजतं, साप असतात, म्हणून मी महिना-दोन महिने फिरकले नव्हते. बराच वेळ ती आली नाही. आली तेव्हा पत्री नव्हती, ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं होतं. मी मोदकांचं सारण करत होते, विचारलं नाही.

दुपारी जेवायला बसलो, तर माझ्या ताटात हिरव्या शेंगा. लवदार, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या.

“खा आक्का,” ती म्हणाली, “आमच्याकडं शेतात अशाच उकडून खातेत.”

नंदूनं विचारलं, ह्या कसल्या शेंगा? सुवर्णा म्हणाली, “सोयाबीनच्या. माहेराहून एकजण आलं होतं, दिल्या.” पापणी हलली नाही तिची. माहेराहून कोणी आलं नव्हतं; सकाळपासून मी घरातच होते.

“काय गं, अजून तुझं सोयाबीन सुटलं न्हाय?” नंदू हसला.

ती पण हसली. मग एकदाच माझ्याकडे बघितलं.

सोयाबीनचं रोप कसं असतं मला ठाऊक नव्हतं. मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती त्यातच वाढली होती. शंभर झाडांत तिनं ते ओळखलं असतं. मी शेंगा खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या, एक एक सोलून, कारण ताटात टाकायची माझी हिंमत नव्हती. दुपारी विहिरीमागे गेले. जमीन उकरलेली होती, एकही रोप ठेवलं नव्हतं तिनं. नंदू वाडीत फिरायला लागला की त्याला दिसू नये, म्हणून.

त्याला एक वर्ष झालं. तिनं मला काही विचारलं नाही, आणि मी काही सांगितलं नाही. नंदू आता गोळ्या नेमानं घेतो आणि सोयाबीनची भाकरी खातो — खरी. यंदाचा रिपोर्ट चांगला आला. नंदू म्हणतो, गोळ्यांची कमाल. आणि चारचौघांत बायकोच्या त्या फसलेल्या तीन महिन्यांची अजून थट्टा करतो. ती खाली मान घालून वाढत राहते. मीही तिथेच असते.

दळण आता ती स्वतः नेते, रविवारी, शाळेला सुट्टी असते तेव्हा. भाकरी मीच थापते. पीठ मात्र रोज सकाळी तीच डब्यातून काढते, मोजून माझ्या परातीत घालते, आणि झाकण लावून डबा वरच्या फळीवर ठेवते, माझा हात पुरत नाही तिथे.