सोनामायचा आवाज

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. आमच्या यांनाही नाही — आणि त्यांच्यापासून दुसरं काही लपवल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला का सांगतेय? ते मलाही नीट सांगता येणार नाही.

आमचं गाव शहाद्यापासून जवळ. कापसाचं, उसाचं. श्रावणात आमच्या गल्लीत सगळ्यांची मिळून एकच कानबाई — आमची खानदेशातली देवी — बसते. ही गोष्ट घडली त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि वादळात केळी आडवी झाली होती. गल्लीत निम्मी घरं मजुरीवर जगणारी. वर्गणी वाढवली तर ती मागे सरतील, दारं लावून बसतील, हे सगळ्यांना दिसत होतं. मग बैठकीत ठरलं — वर्गणी वाढवायची नाही, खर्च कमी करायचा. बँड नको. मांडव नको, आमच्या ओट्यावरच देवी बसवू. रोषणाई नको. निर्णय चांगला होता. आजही मला तो चांगलाच वाटतो.

मग कुणीतरी सोनामायचं नाव काढलं.

सोनामाय कानबाईची गाणी म्हणायची. ती गाणी कुठे लिहिलेली नव्हती; तिच्या सासूकडून तिला आली होती. ती सुरू करायची आणि आम्ही बाया मागून ओळ ओढायचो. दर वर्षी तिला गल्लीतर्फे लुगडं आणि गहू द्यायची पद्धत. बैठकीत म्हणाले, यंदा तेही राहू द्या, मोबाईलवर गाणी लावू. तिला सांगणार कोण? मी म्हटलं, मी सांगते. मी शाळेत शिकवते ना — मला बोलता येतं, असं सगळ्यांना वाटायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिच्या अंगणात गेले. ती डाळ पाखडत होती आणि हळू आवाजात गाणं आठवत होती. मला बघून हसली.

काय सांगायचं होतं मला? एवढंच — माय, यंदा पैसे नाहीत. बँडवाल्याला आम्ही तेच सांगितलं होतं, मांडववाल्यालाही. तिथे कुणाची जीभ अडखळली नाही. पण सोनामाय आमच्या शेतात निंदायला यायची. माझे दीर गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष. आमच्याकडे रोजाने येणाऱ्या बाईसमोर, तुला लुगडं द्यायला आमच्याकडे नाही, हे म्हणायचं — ते माझ्या तोंडातून निघेना. आणि पुढचंही कळत होतं. ती म्हणाली असती, लुगडं राहू दे, मी तशीच गाते. मग अख्ख्या गावाला कळलं असतं की आम्हा पाटलांच्या गल्लीत मजूर बाई फुकट गायली.

म्हणून मी म्हटलं, "माय, तुन्हा आवाज आते फाटस. पोरी हासतस. औंदा मोबाईलवरना गाना लावूत."

खोटं होतं. कुणी हसत नव्हतं. तिचा आवाज — काय सांगू — शेवटच्या ओळीला तो वर जायचा तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा.

तिचं सूप थांबलं. "हासतस का?" एवढंच विचारलं तिने. मग, मी सांगितलं ते बरंच झालं अशा सुरात म्हणाली, "तू सांगं, बरं व्हयनं."

कानबाई छान झाली. एकही घर मागे राहिलं नाही. प्रत्येक घरातून नैवेद्याचे रोट आले, विसर्जनाला सगळ्या बाया होत्या. लोकांनी आमचं कौतुक केलं, माझंही केलं. सोनामाय आली होती. कडेला बसली. पोरींनी आग्रह केला, माय, एक तरी म्हण — तिने गळ्याला हात लावून मान हलवली. मी तिच्या शेजारीच होते. तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोलले.

दोन वर्षांनी हात जरा मोकळा झाला. मंडळाने तिला मानाने बोलावलं. ती आली नाही. ती शेतात निंदतानाही गायची थांबली होती, हे मला फार उशिरा कळलं. बाया म्हणाल्या, आता गाण्याविना निंदणीची पात लवकर उरकत नाही. पुढे शहाद्याहून कॉलेजची एक मुलगी तिची गाणी मोबाईलवर भरून घ्यायला आली होती. त्या मुलीला सोनामायने परत पाठवलं. मन्हा आवाज फाटेल शे, म्हणाली. माझेच शब्द. आता ती गाणी आमच्यातल्या कुणालाच पूर्ण येत नाहीत. मी एकदा आठवून बघितली — दुसऱ्या कडव्यापुढे जाता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली. भेटायला गेले. खाटेवर होती, पण शुद्धीत होती. सुनेने चहा ठेवला आणि ती आत गेली. आम्ही दोघीच. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती, आणि मी घरून ठरवूनही निघाले होते.

सोनामायने माझा हात धरला. म्हणाली, "सगळा बाया ऐकतस आन् मागून हासतस. तू एकलीनी तोंडवर सांगं. तुन्हामुळे मन्ही लाज ऱ्हायनी."

माझ्यामुळे तिची लाज राखली गेली, असं म्हणत होती ती. मी म्हटलं, "हां, माय."

चहा प्यायले, तिच्या अंगावरची गोधडी नीट केली आणि घरी आले. आठवड्याभरात ती गेली.