लालबागमधली गावची खोली

"रविवारी मी लालबागला चाललोय. यायचं तर ये," बाबांनी चहा पिता पिता जाहीर केलं. गुडघ्यांच्या नावाखाली नाशकातल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही न जाणारा हा माणूस! मी तिथल्या तिथे एसटीची दोन तिकिटं काढली.

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या कोकणातल्या गावाची खोली आहे. कुणा एकाची नाही, अख्ख्या गावाची. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावातून आलेला प्रत्येक पुरुष तिथेच पथारी टाकायचा. साचेखात्यात माग चालवणारे बाबाही तिथलेच. हल्ली परळच्या हॉस्पिटलांत उपचारांना येणारी गावची माणसं तिथे उतरतात. आता चाळीच्या जागी टॉवर होणार. मिळणारी नवी जागा विकायची की गावाला ठेवायची, हे रविवारी चार वाजता ठरणार होतं. बाबांना ती ठेवायचीच होती. नियम मात्र जुना: खोलीत येऊन बसेल त्याचंच मत.

दादरला उतरलो तेव्हा हातात चिक्कार वेळ होता आणि माझ्या अंगात आलं होतं. आधी फुलबाजार. तिथे सकाळीच जा आणि पाठीवर मोठी सॅक नेऊ नका, शिव्या खाल. मग बसने लालबाग. मिरची गल्लीत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं नुसत्या शिंका! एक बाई दुकानदाराला दम देत होती, "गेल्या टायमाला रंग होता, तिखटपणा कुठे होता?" तो म्हणाला, "ताई, तुमच्या सासूबाईच बोलल्या कमी तिखट दे." मी मसाला घेतला, चिवडा घेतला, बाबांना लोअर परळपर्यंत चालवलं. काचेच्या इमारतींमध्ये गिरणीची एक चिमणी अजून उभी आहे. "भोंगा झाला की हा रस्ता माणसांनी काळा व्हायचा," बाबा म्हणाले. मी वेड्यासारखे फोटो काढत होते. खाणावळीत बांगडा आणि सोलकढी हाणली. मालवणी जेवायचं असेल तर बाराच्या आत पोचा, नंतर मासळी संपते.

चाळीच्या जिन्यात माझी मस्ती उतरली. दुसऱ्या मजल्याच्या वर चार पायऱ्या चढून बाबा थांबले. पाय उचलेना. कठड्याला धरून ते मटकन खाली बसले. सकाळपासून मीच त्यांना फिरवलं होतं. मला रडू फुटायचं बाकी होतं.

वरून गावच्या मंडळाचे सेक्रेटरी डोकावले. "काका, वर आल्याशिवाय मत धरता येत नाय. नियम हाय."

"मी इथूनच सांगतो ना!"

"मग उद्या कोण फोनवरून पण सांगेल."

तेवढ्यात त्यांच्या मागून तात्या आले. बाबांच्याच खात्यातले, वयाने मोठे, पण अजून काटक. "काय रे सेक्रेटरी, रातपाळीवाले आणि दिवसपाळीवाले एकदम घरी असले की तुझा बापूस खय झोपायचा?"

"गॅलरीत."

"आणि हो?" बाबांकडे बोट.

बाबाच म्हणाले, "जिन्यात. ह्याच पायऱ्यांवर. वर जागा नसायची."

"पायऱ्यांवर झोपून पण खोलीचाच भाडा देत होतास ना? मग खोली हयपर्यंत आसा," म्हणत तात्या सरळ येऊन बाबांच्या शेजारी पायरीवर बसले. मागोमाग एकेक जण उतरला. खोलीत सध्या राहणारी, आईला केमोसाठी घेऊन आलेली एक मुलगीसुद्धा चटई घेऊन आली. सभा जिन्यातच झाली. विकायचं म्हणणारेही होते, त्यांनाही अडचणी होत्या, आवाज चढले. बाबा एवढंच बोलले, "आजारी माणसाला ह्या शहरात ओळखीचं दार पायजे." हात वर झाले. एका हाताच्या फरकाने जागा गावाची राहिली. मी जिन्यातच टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वळून बघितलं.

घरी येऊन आठवडा झाला. बाबांचे गुडघे अजून सुजलेले आहेत आणि मला अजून अपराधी वाटतं. काल तसं बोलूनही दाखवलं. ते फोनवर होते, मला हातानेच गप्प केलं. पलीकडे गावचा कुणीतरी होता, बायकोच्या ऑपरेशनसाठी परळला येणारा, लॉजची चौकशी करत होता.

"लॉज कशाला?" बाबा त्याच्यावर ओरडले. "आपली खोली आहे तिथे."