पापण्या मिटल्या तेव्हा

कळसाडीला आमच्या घरामागे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग असे. गॅस आला तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. त्या दुपारी सासूबाईंनी मला सरपण आणायला सांगितलं. मी वाकून पऱ्हाट्या ओढल्या आणि उजव्या अंगठ्याशी काहीतरी टोचलं. काटकी असेल असं वाटलं. मग फूत्कार ऐकू आला आणि ढिगातून वर आलेला फणा दिसला.

चुलत सासरे म्हणत होते, आधी भगताकडे न्या. यजमानांनी ऐकलं नाही. मोटारसायकलवर मला मध्ये बसवलं, मागून सासूबाईंनी घट्ट धरलं. शहाद्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता, समोरचं माणूस दोन-दोन दिसत होतं. मग पापण्या मिटल्या, त्या उघडता येईनात. जीभ हलेना, श्वास पुरेना. घशात नळी घालून मला यंत्रावर ठेवलं.

अंग असं लुळं पडतं तेव्हाही कान जागे राहू शकतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, मी शुद्धीवर नाही. केव्हातरी कॉटजवळ सासूबाईंची चाहूल लागली, सोबत दुसरं कुणी नसावं. माझ्या कपाळावरचे केस मागे सारत हळू आवाजात म्हणाल्या,

"मी देखं व्हतं त्याले. दोन दिन पहिले. मारी टाकतीन म्हनीसन कोनले सांगं नही."

नाग त्यांच्यासाठी देव होता, हे मला ठाऊक होतं. तरी माहीत असून मला त्याच ढिगाकडे पाठवलं म्हणून असा संताप आला, आणि मला बोटही हलवता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. तोवर यजमानांनी सर्पमित्राला बोलावून ढीग उपसला होता. नाग पकडून लांब सोडून दिला होता. माझ्या अंगठ्याजवळचं मांस मात्र काळं पडून गळत गेलं. मला भरवणं, माझी वेणी घालणं, सगळं सासूबाईच करत. डोळ्यांत बघून बोलत नसत. मीही गप्प राहिले. त्या गप्प राहण्यात त्यांना शिक्षा करायची इच्छा होती, हे आज कबूल करते.

दीडेक महिन्याने वेणी घालता घालता त्या थांबल्या.

"पोरी, तुले एक सांगनं शे."

"माले माहीत शे," मी म्हणाले. "दवाखानामा ऐकं मी."

बराच वेळ त्यांचे हात माझ्या केसांत तसेच राहिले. मग त्यांनी वेणी पुरी केली.

अंगठा अजून वाकत नाही. भाकरी सासूबाईच थापतात.